नवा नगरसेवक: सभा, कागद आणि प्रभाग

गुलाल उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात माणसं येऊ लागतात. एकाची गटार तुंबलेली असते, दुसऱ्याला दाखल्यावर सही हवी असते, तिसऱ्याच्या गल्लीतला दिवा आठवडाभर बंद असतो. नवा नगरसेवक फोन उचलतो, मुकादमाला बोलावतो, गटार उपसून घेतो आणि त्याला वाटतं, हेच आपलं काम. हे काम आहेच, ते टाळू नका. पण पाच वर्षं एवढंच केलं तर पाचव्या वर्षीही तीच गटार तुंबते, कारण तिचा उतारच चुकलेला असतो. उतार दुरुस्त करायचा तर अंदाजपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज, लागतं, ठराव लागतो, तरतूद लागते. ती मिळवणं आणि ते पैसे नीट खर्च होतात का हे पाहणं, यासाठी लोकांनी आपल्याला निवडून दिलेलं असतं.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका क वर्ग नगरपरिषदेत दोनदा निवडून आले. पहिल्यांदा महिला राखीव जागेवरून, नंतर सर्वसाधारण जागेवरून. पहिल्यांदा निवडून आलेल्यांना, विशेषतः ज्यांच्या घरात याआधी कुणी राजकारणात नव्हतं त्यांना उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. महानगरपालिकेत कायदा वेगळा आहे, मुंबईचा तर स्वतंत्रच, १८८८ सालचा. मी लिहिते आहे ते नगरपरिषदा आणि नगरपंचायतींबद्दल.

आपला अधिकार नेमका कुठे आहे

पहिल्या महिन्यात एक पुस्तक विकत घ्या: महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. मराठीत मिळतं. सगळं पाठ करायची गरज नाही. परिषदेची कर्तव्यं, सभा, समित्या, निधी आणि सदस्यांची अनर्हता, म्हणजे पद कशाने जातं, ही प्रकरणं पेन्सिल हातात घेऊन वाचा. सोबत राज्यघटनेची बारावी अनुसूची वाचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, ती आली आणि तिच्यात नागरी संस्थांकडे द्यायचे १८ विषय आहेत. पाणी, रस्ते, कचरा, झोपडपट्टी सुधारणा, उद्यानं, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद, अगदी दुर्बल घटकांचं हितरक्षणसुद्धा. गावात कुणी 'हे नगरपालिकेचं काम नाही' म्हणालं की ही यादी काढून पाहायची.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. एकटा नगरसेवक कुणालाही आदेश देऊ शकत नाही. सफाई कामगाराला नाही, कारकुनाला नाही, अभियंत्याला नाही. कर्मचाऱ्यांवर नियंत्रण मुख्याधिकाऱ्याचं असतं आणि तो शासनाचा अधिकारी असतो. नगराध्यक्ष आता थेट जनतेतून निवडला जातो, त्यामुळे अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असंही होतं. मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष या दोघांच्या मध्ये तुम्ही आहात, आणि तुमचं बळ सभागृहाच्या ठरावात आहे. मात्र सदस्य म्हणून कायद्याने तुम्हाला काही हक्क दिलेले आहेत आणि ते बहुतेकांना माहीतच नसतात. कामातल्या हयगयीकडे, नगरपरिषदेच्या मालमत्तेच्या नासाडीकडे, प्रभागाच्या गरजेकडे लक्ष वेधायचा हक्क. सुधारणा सुचवायचा हक्क. प्रश्न विचारायचा हक्क. रीतसर कळवून कार्यालयीन वेळेत दफ्तर, म्हणजे नगरपरिषदेचे कागद आणि फायली, पाहायचा हक्क. मी तर म्हणेन, यातला शेवटचा सर्वांत मोठा. ज्याने दफ्तर पाहिलं आहे त्याला सभागृहात कुणी उडवून लावू शकत नाही.

म्हणून मुकादमावर ओरडू नका. त्याचा तुमच्यावर राग बसतो आणि पुढच्या वेळी तो तुमच्या प्रभागात उशिरा येतो. तक्रार लिहून द्या, आवक विभागात, म्हणजे आलेली पत्रं नोंदवतात तिथे, पोच घ्या, तारीख वहीत टाका. आठवड्याने त्याच क्रमांकाचा दाखला देऊन पुन्हा लिहा. दुसऱ्या पत्रानंतर कामं हलतात, हा माझा अनुभव आहे, कारण तोवर प्रश्न 'मॅडमचा फोन आला होता' इथून सरकून कागदावर आलेला असतो.

सभेला जाण्याआधी

सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी मिळायला हवी. नोटिशीसोबत विषयपत्रिका येते. ती घडी घालून पर्समध्ये ठेवायची नाही, त्याच दिवशी वाचायची. भाषा कशी असते बघा: 'शहरातील विविध भागांत आवश्यक ती विकासकामे करणेबाबत विचार करून निर्णय घेणे.' एवढ्या एका ओळीत पन्नास लाखांची कामं असू शकतात. कोणता भाग, कोणती कामं, कोणत्या निधीतून, हे त्या ओळीत नसतं. ते टिपणीत, म्हणजे कार्यालयाने त्या विषयावर तयार केलेल्या माहितीच्या कागदात, असतं. म्हणून नोटीस आली की दुसऱ्या दिवशी सभा विभागात जा आणि प्रत्येक आर्थिक विषयाची टिपणी मागा. तोंडी मागितलीत तर 'सभेत देतो' असं उत्तर येतं. लेखी मागा.

निविदा मंजुरीचा विषय असेल तर तुलनात्मक तक्ता पाहा. किती जणांनी निविदा भरली, सर्वांत कमी दर कुणाचा, तो अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के खाली किंवा वर. दर फारच खाली असेल तर ठेकेदाराकडून जादा अनामत घेतात, ती घेतली का ते विचारा. दर वर असेल तर वाटाघाटीचं पत्र मागा. तीनही निविदांवर पत्ता एकाच इमारतीचा दिसला तर तेवढं मोठ्याने वाचून दाखवलं तरी पुरतं.

सभेचा पहिला विषय जवळजवळ नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो. नवीन सदस्य तेव्हा चहा घेत असतात किंवा शेजाऱ्याशी बोलत असतात. माझ्या मते सगळ्या सभेत या विषयाला सर्वांत सावध राहावं. मागच्या वेळी तुम्ही विरोध केला होता तो तिथे लिहिलाय का? ठरावात नसलेली एखादी रक्कम मध्येच आलेली आहे का? सूचक आणि अनुमोदक म्हणून कुणाची नावं आहेत, त्यात तुमचं तर नाही ना? इतिवृत्त एकदा कायम झालं की 'मी तसं म्हणाले नव्हते' हे सांगून काही होत नाही. आमच्याकडे एका भूखंडाच्या भाडेपट्ट्याचा विषय असाच होता. सभेत चौघांनी विरोध केला होता आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' आलं. पुढच्या सभेत आम्ही चौघांनी पहिल्याच विषयाला उभं राहून दुरुस्ती मागितली, लेखी दिली, आणि ती नोंदवून घेईपर्यंत बसलो नाही. पुढे तो भाडेपट्टा अडला तो याच नोंदीमुळे.

विरोध करायचा तर कसा करायचा, तेही सांगते. आधी दोन वाक्यांत कारण बोला. मग मतदान मागा, हात वर करून मोजणी होऊ द्या. आणि विरोधाचं पत्र सभेतच पीठासीन अधिकाऱ्यांना, म्हणजे सभा चालवणाऱ्यांना, देऊन त्याची एक प्रत आवकला लावा. ठराव बेकायदेशीर आहे असं खरोखर वाटत असेल तर अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ते ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. पण तिथे तुमचा अर्ज उभा राहतो तो इतिवृत्तातल्या नोंदीवर.

एकटं पडायची भीती वाटते, हे मला माहीत आहे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा विषय आला, तेव्हा त्यांनी विरोध केला आणि हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावा असं मत मांडलं. सभागृहात बसलेल्या प्रत्येक सदस्याने ही गोष्ट माहीत ठेवावी असं मला मनापासून वाटतं. खर्च मंजूर झाला की नाही हा पुढचा प्रश्न आहे. विरोध झाला होता हे आज आपल्याला माहीत आहे.

'ऐनवेळचे विषय' हा एक वेगळाच प्रकार. शेवटी सगळे उठायच्या बेतात असताना पाच-सहा विषय भराभर वाचले जातात आणि 'मंजूर, मंजूर' होतं. शोकप्रस्ताव, अभिनंदन, तातडीची दुरुस्ती यासाठी ते ठीक आहे. पैशाचा, जागेचा, ठेक्याचा विषय ऐनवेळी आला तर एवढंच म्हणायचं: 'हा विषय पुढच्या विषयपत्रिकेवर टिपणीसह घ्यावा.' तसंच कलम ५८(२). या कलमाखाली नगराध्यक्ष आणीबाणीत काम करायला सांगू शकतात आणि नंतर ते कारणासह परिषदेपुढे ठेवावं लागतं. पूर आला, जलवाहिनी फुटली, तर हा अधिकार हवाच. पण कमानी रंगवणं किंवा खुर्च्या घेणं आणीबाणीत बसत नाही. प्रत्येक सभेत विचारा: मागच्या सभेपासून ५८(२) खाली कोणती कामं झाली आणि त्यांची कारणं काय?

आणखी एक. कोऱ्या कागदावर सही नाही. हजेरीपटावर सही करा, ठरावाच्या कागदावर सही मागितली तर आधी वाचा. कागद कोरा असेल तर परत द्या, सही मागणारा कितीही जवळचा असला तरी.

एका बोळातला रस्ता

ठराव झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. माझ्या प्रभागात शाळेच्या मागच्या बोळात काँक्रीट रस्ता मंजूर झाला होता. लांबी फार नाही, पण पावसाळ्यात मुलं तिथून चिखलातून जायची. मी शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रकाची प्रत घेतली आणि एका सिव्हिल डिप्लोमा झालेल्या भाच्याकडून ती समजून घेतली. तुमच्याही ओळखीत असा कुणीतरी असतोच, त्याच्याजवळ तासभर बसा.

अंदाजपत्रकात प्रत्येक बाबीची लांबी, रुंदी, जाडी आणि दर असतो. आमच्या रस्त्याला खाली मुरूम आणि खडीचा थर, वर १५० मिलिमीटर जाडीचं एम-२० काँक्रीट असं होतं. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी त्या काँक्रीटच्या ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसायला हवा. त्यासाठी काँक्रीट ओततानाच १५ सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यांत ते भरून ठोकळे, म्हणजे क्यूब, काढून ठेवतात, पाण्यात ठेवतात आणि प्रयोगशाळेत फोडून बघतात. म्हणून काम सुरू व्हायच्या दिवशी तुम्ही तिथे असा. तीन गोष्टी बघा. बाजूला लावलेल्या पाट्यांची उंची टेपने मोजा, कारण जाडी तिथेच ठरते. साचे आणलेत का आणि त्यात माल तुमच्यासमोर भरला का ते बघा. आणि मिक्सरमध्ये पाणी किती ओततात ते बघा. माल पातळ केला की ओतायला सोपा जातो, पण ताकद जाते. मग पुढचे दोन आठवडे त्यावर पाणी मारलं जातंय का, ओली पोती किंवा मातीचे वाफे केलेत का, हे येता-जाता बघायचं. गल्लीतल्या बायका हे काम आनंदाने करतात, त्यांना फक्त सांगायला हवं. आमच्याकडे एका आजींनी ठेकेदाराच्या माणसाला रोज सकाळी उभं करून पाणी मारायला लावलं.

बिल आलं तेव्हा मी लेखा विभागात फाईल पाहिली. मोजमाप पुस्तकात जाडी सगळीकडे सारखी लिहिलेली होती, क्यूबचा अहवाल जोडलेला नव्हता. मी मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं की अहवाल आल्याशिवाय आणि त्रयस्थ तपासणी झाल्याशिवाय देयक देऊ नये. रस्त्यातून गाभा, म्हणजे पूर्ण जाडीचा नमुना, कापून काढला तेव्हा एका टोकाला जाडी कमी निघाली. तेवढी रक्कम कापली गेली आणि तो तुकडा पुन्हा करून घेतला. यात मी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, कुणाला धमकावलं नाही. चार पत्रं लिहिली.

रस्ता झाल्यावर करारनाम्यावरून दोषदायित्वाचा कालावधी वहीत लिहून ठेवा. त्या काळात भेग पडली, पेव्हर ब्लॉक खचला, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. सदस्य हे विसरतात आणि मग त्याच रस्त्याच्या दुरुस्तीचं नवं काम मंजूर होतं. आणि रस्ता करण्याआधी पाण्याची आणि गटाराची कामं उरकली आहेत का, हे दहा वेळा विचारा. नवा रस्ता महिन्याभरात नळासाठी उकरलेला पाहणं फार वाईट असतं.

पाणी

प्रभागातल्या सगळ्यांत शेवटच्या नळावर उभं राहायची सवय लावा. टाकीजवळच्या घरांत पाणी नेहमी चांगलंच येतं. शेवटच्या घरात धार किती वेळ चालते, सुरुवातीला पाणी गढूळ येतं का, वास येतो का, हे पाहिल्याशिवाय पाणीपुरवठ्यावर बोलू नये.

नगरपरिषदेच्या पाणी विभागात क्लोरोस्कोप नावाची छोटी पेटी असते. नळाचं पाणी तिच्यातल्या नळीत घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की शेजारच्या रंगांशी ताडून बघायचं. यालाच सगळे ओटी टेस्ट म्हणतात. नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. पिवळेपणा आलाच नाही तर याचा अर्थ त्या घरापर्यंत क्लोरीन पोचत नाही, कुठेतरी गळती आहे किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कमी पडते आहे. व्हॉल्व्हमनला सोबत घ्या आणि पावसाळ्यात दर आठवड्याला हे करा. गावात जुलाबाची साथ आल्यावर पत्रकार परिषद घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. नोंद कुठे, कोणत्या तारखेला, रंग किती, अशी ठेवा. गटारातून गेलेली जुनी जलवाहिनी बदलायची मागणी करताना हीच नोंद पुढे ठेवता येते.

व्हॉल्व्हमनशी नीट वागा. कोणत्या वेळी कोणती गल्ली सुटते, कोणता व्हॉल्व्ह जाम आहे, कुठल्या घराने मुख्य वाहिनीला मोटार लावली आहे, हे नकाशात नसतं, त्याच्या डोक्यात असतं. तो निवृत्त व्हायच्या आधी त्याच्याकडून व्हॉल्व्हच्या जागा कागदावर उतरवून घेण्याचा ठराव मी मांडला होता. मला विचाराल तर माझ्या सगळ्या ठरावांत तो सर्वांत उपयोगी होता.

सफाई कामगार

कचऱ्याचा ठेका बहुतेक ठिकाणी दिलेला असतो. त्याच्या करारात किती माणसं, किती घंटागाड्या, किती खेपा, ओला-सुका कचरा वेगळा घ्यायचा की नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. करार मागून वाचा. मग पहाटे हजेरीच्या जागी जा आणि माणसं मोजा. कामगारांना किमान वेतन मिळतं का, भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हातमोजे आणि बूट दिलेत का, हे विचारणं सदस्याचं काम आहे. मूळ नियोक्ता नगरपरिषदच असते, ठेकेदाराने पैसे बुडवले तर जबाबदारी शेवटी तिच्यावर येते.

आणि एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत होऊ द्यायची नाही. गटारात किंवा शौचालयाच्या टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावणं हा गुन्हा आहे, आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात वा टाकीत उतरवणंही. अशा मृत्यूला तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. पण भरपाई हा विषयच येऊ नये. तुमच्या प्रभागातल्या सोसायटीने खासगी माणूस बोलावून टाकी उपसायला घेतली तरी जाऊन थांबवा, मैला उपसण्याची गाडी मागवा. मतं जातील म्हणून गप्प बसू नका.

सही आणि दाखले

आधार कार्डावरचा पत्ता बदलण्यासाठी ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर नगरसेवकाची सही चालते. ते तीन महिने वैध असतं, त्यावर फोटो लागतो आणि सही-शिक्का फोटोवरही यावा लागतो. माणूस समोर असल्याशिवाय, पत्ता माहीत असल्याशिवाय सही करू नका. सह्या करून ठेवलेले कोरे नमुने कार्यकर्त्याच्या हातात देणं तर सपशेल चुकीचं. प्रत्येक दाखल्याची नोंदवही ठेवा.

जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, हे प्रभागात सांगत राहा, घरी बाळंतपणं होतात अशा वस्तीत जास्तच. नगरपरिषदेच्या सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे आणि मुदतीत न मिळाल्यास अपील करता येतं. माणसाला तुमच्या चिठ्ठीची सवय लावण्यापेक्षा अर्जाची पोच घ्यायची सवय लावा. काही कार्यकर्त्यांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं लोक आपल्याकडे येणार नाहीत. लोक येतात.

स्वतःला जपा

कलम ४४ आधी वाचा, मग इतर. नगरपरिषदेच्या ठेक्यात तुमचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल, तुम्ही, जोडीदाराने किंवा तुमच्यावर अवलंबून असलेल्याने अनधिकृत बांधकाम केलं असेल, रजा न घेता सलग सहा महिने सभांना गेला नसाल, तर पद जाऊ शकतं. घराच्या गच्चीवर टाकलेल्या पत्र्याच्या खोलीवरूनही वाद जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातात. घरपट्टी आणि पाणीपट्टी वेळेत भरा. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्या. मागासवर्गीयांच्या राखीव जागेवरून आला असाल तर जात वैधता प्रमाणपत्राची मुदत चुकवू नका. पक्षाच्या किंवा आघाडीच्या गटाची जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंद झाली की १९८६ चा पक्षांतरविरोधी कायदा लागू होतो, तेव्हा पक्षादेश, म्हणजे व्हिप, हातात आल्यावर तो नीट वाचून सही करा.

बायकांसाठी थोडं वेगळं

आपल्याकडे स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, २०११ पासून. जागा मिळाली, पण खुर्चीवर कुणी बसायचं याचा निकाल घरात लागतो. सभेच्या दिवशी नवऱ्याला किंवा दिराला दाराबाहेर थांबायला सांगा, प्रेमाने सांगा पण सांगा. नगरपरिषदेत तुमच्या नावाचा जो मोबाइल क्रमांक नोंदवाल तो तुमचाच द्या. अधिकाऱ्याचा फोन भलत्याने उचलला तर पुढचा फोनही त्यालाच जातो. मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात पहिल्यांदा जाताना एखाद्या दुसऱ्या सदस्येला सोबत न्या, पक्ष कोणताही असो. आम्ही पाचजणी वेगवेगळ्या गटांतून आलो होतो, पण सभेच्या आदल्या संध्याकाळी एकीच्या घरी बसून विषयपत्रिका वाचायचो. कुठला विषय कुणी विचारायचा हे ठरायचं. मतदान आपापल्या पक्षाप्रमाणे व्हायचं, प्रश्न मात्र सगळ्यांचे तयार असायचे. महिला व बालकल्याण समिती दिली की तिथेच ठेवतात. बांधकाम किंवा पाणीपुरवठा समिती मागा. पाणी भरतं कोण, हे सभागृहात सगळ्यांना माहीत असतं.

शहराचा आराखडा

विकास योजनेचा नकाशा नगररचना विभागात टांगलेला असतो. तुमच्या प्रभागातली आरक्षणं शोधून काढा: क्रीडांगण, बाग, भाजी मंडई, प्राथमिक शाळा. आरक्षित जागा दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. अशी सूचना आली की तिची चर्चा होत नाही, कागद एका फाईलमध्ये पडून राहतो, मुदत निघून जाते आणि मैदानाच्या जागी प्लॉट पडतात. कुणी काही केलं असं दिसतही नाही. म्हणून वर्षातून दोनदा लेखी विचारा: कलम १२७ खाली किती सूचना आल्या, कोणत्या तारखेला, पुढे काय केलं? जागेचा मालकही आपल्याच गावचा असतो, त्याला मोबदला मिळायलाच हवा, तेव्हा तरतूद ठेवा, शासनाकडे पैसे मागा किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क (टीडीआर), देता येतो का ते पाहा.

अर्थसंकल्प

अर्थसंकल्पाची सभा फेब्रुवारीत होते. तुमच्या प्रभागाची मागणी त्याआधी, डिसेंबरात किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, लेखी गेली पाहिजे. मार्चमध्ये भाषण करून तरतूद होत नाही. मागणी लिहिताना निधीचं नाव घाला. वित्त आयोगाच्या पैशातला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच जातो, अबंधित भागातून इतर कामं होतात. रस्ते-गटारांसाठी राज्याची नगरोत्थान योजना आहे, मागास वस्तीसाठी नागरी दलित वस्ती सुधार योजना आहे, काही कामं जिल्हा नियोजन समितीतून होतात. 'गटार करावी' असं लिहिलेलं पत्र बाजूला पडतं. 'अमुक घरापासून अमुक नाल्यापर्यंत, अंदाजे एवढे मीटर, अमुक योजनेतून' असं लिहिलेलं पत्र अभियंत्याच्या टेबलावर जातं.

उत्पन्नाची बाजूही वाचा. घरपट्टीची थकबाकी किती, सगळ्यांत मोठे थकबाकीदार कोण, हे विचारायला सदस्य कचरतात, कारण त्यांत ओळखीची नावं असतात. विचारा. चार वर्षांनी कर आकारणीची फेरतपासणी होते तेव्हा नोटिसा निघतात. आपल्या प्रभागात घराचं मोजमाप चुकलेलं असेल तर मुदतीत हरकत द्यायला लोकांना बसवून मदत करा. करमाफीचं आश्वासन मात्र देऊ नका, तो अधिकार तुम्हाला नाही.

लेखापालाकडे मागच्या वर्षीचं पुस्तक मागा आणि 'तरतूद' व 'प्रत्यक्ष खर्च' हे दोन रकाने शेजारी ठेवून एकेक ओळ वाचा. जिथे तरतूद मोठी आणि खर्च शून्य, तिथे बोट ठेवा. दिव्यांगांसाठीचा पाच टक्के आणि महिला व बालकल्याणाचा पाच टक्के निधी असाच पडून राहतो, किंवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने शिलाई मशीन वाटून संपवला जातो. दिव्यांगांची नोंदणी यादी ऑक्टोबरात मागा, घरोघरी जाऊन राहिलेली नावं लिहून घ्या, कुणाला तीनचाकी हवी, कुणाला श्रवणयंत्र, कुणाच्या दारात उतार हवा हे विचारा, आणि ती यादी जानेवारीच्या पत्राला जोडा.